पेरमटोल्याला आलेले मास्तर

किराणा दुकानात दोन गोष्टी आपोआप जमतात, उंदीर आणि किस्से. दोन्ही पोत्यांच्या मागे वाढतात, दोन्ही कोणी विकत आणलेले नसतात, आणि एकाला हुसकावायला गेलं की चार बाहेर पडतात! माझं दुकान भामरागडच्या अलीकडे, एसटीच्या शेवटच्या स्टॉपवर. मीठ, तेल, रॉकेल, कापड विकायचं आणि मोहफूल, हिरडा, डिंक घ्यायचा. माझं शिक्षण चौथी नापास, पुढचं सगळं तराजूनं शिकवलं. तेव्हा शाळेविषयी बोलायचा मला काय अधिकार, असं कोणी म्हणालं तर कबूल आहे बुवा. पण शाळेत जाणारा-येणारा प्रत्येक माणूस माझ्याच बाकड्यावर बसून चहा पिऊन गेला, त्याला मी काय करू?

शाळा म्हणजे पेरमटोल्याची. स्टॉपवरून नाला ओलांडायचा, मग दोन कोस जंगल, मग माडिया लोकांचं ते गाव. सरकारनं तिथं शाळा मंजूर केली, हजेरीबुक पाठवलं, पितळेची घंटा पाठवली. पोरंही होती. नव्हता तो फक्त मास्तर.

म्हणजे यायचे. खूप यायचे! राहायचे नाहीत.

*

त्या वेळी राज्यात कुठंही मास्तरनं साहेबासमोर तोंड उघडलं की साहेब म्हणायचे, "गडचिरोलीला पाठवीन!" आणि पाठवायचेही. दुसऱ्यांची शिक्षा ती आमची शाळा.

असाच एक तरुण मास्तर देशावरून आला. इस्त्रीचा शर्ट, नवी वळकटी, हातात ऑर्डर. बसमधून उतरला, माझ्याकडे चहा घेतला, आणि नाल्याकडे बघत उभा राहिला. पुलाचा पत्ता नाही. नाल्यापलीकडे जंगल, त्याच्या मागे आणखी जंगल.

"पलीकडे लाइट आहे का हो?" त्यानं विचारलं.

"आहे ना. सकाळी सूर्य निघाला की येते."

बिचारा हसलासुद्धा नाही. तेवढ्यात कंडक्टरनं घंटी मारली. मास्तर कपबशी ठेवून पळत सुटला आणि फुटबोर्डावरून मला म्हणतो, "शेठ, मी फक्त पाहायला आलो होतो!"

कंडक्टर आतून ओरडला, "या गुरुजी, खिडकीची सीट ठेवली आहे. तुमचं जायचं तिकीट मी येतानाच फाडून ठेवलं!"

*

दुसरा एक नाला ओलांडून गेला. गावात मुक्काम केला. पेरमटोला खूश! गावचा पाटील जुरू मुद्दाम मला सांगायला आला, "शेठ, हा राह्यते वाटते."

आता माडिया लोकांची एक रीत आहे. घरातलं माणूस गेलं की गावाच्या वाटेवर त्याच्या नावाचा दगड उभा करतात. पुरुषभर उंचीचे दगड, ओळीनं. त्याला जे आवडायचं, तंबाखू असो की मोहाची दारू, ते येता-जाता दगडापाशी ठेवतात. ज्याचा दगड उभा राहिला तो गावचा, तो मग कुठं जात नाही.

हे नव्या मास्तरला कोण सांगणार? त्यानं सकाळी आंघोळ केली, कपडे धुतले, आणि ओळीनं उभे दगड बघून सरकारनंच सोय केली असं समजून सगळे कपडे त्यावर वाळत घातले.

गाव जमलं. शेवटी जुरू पुढं झाला आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "जोहार गुरुजी. माह्या आज्यावर तुमची चड्डी आहे!"

गाव रागावलं नाही हो. उलट हसलं. पण मास्तरलाच भीती बसली की आता आपलं काही खरं नाही. दुपारच्या बसनं गेला. ओले कपडे पिशवीत.

*

म्हणून मेश्राम गुरुजी उतरले तेव्हा जुरूनं हुशारी केली. गुरुजी ब्रह्मपुरीकडचे, चाळिशीचे, डोक्याला टक्कल, हातात पत्र्याची पेटी. जुरू त्यांना घ्यायला आलेला, पण पेटीला हात लावेना. नुसता बाकड्याजवळ उकिडवा बसून राहिला.

गुरुजी म्हणाले, "चाल ना भाऊ, काऊन बसून राह्यला?"

"बस जाऊ द्या गुरुजी. बस गेली का मग पेटी उचलतो!"

बस गेली. गुरुजी तिथंच. जुरूनं पेटी खांद्यावर घेतली.

मी गुरुजींना विचारलं, "तुमचा कोणत्या साहेबाशी झगडा झाला?"

"झगडा नाई शेठ. मागून घेतली ही जागा. माह्या बापाले शाळेच्या पायरीवर बसून शिकाव लागलं, आत घेत नोते. मले सरकार म्हणते, आत जाऊन खुर्चीवर बस. मंग मी जागा चांगली का वाईट पाहू?"

खुर्ची तिथं नव्हती, हे मी त्या दिवशी सांगितलं नाही.

गुरुजींना व्यसन एकच, चहा. पेरमटोल्यात चहा कोणी पीत नव्हतं. दर बाजाराच्या दिवशी माझ्याकडून चहापत्तीची पुडी त्या गावाला जायची ती एकट्या गुरुजींसाठी.

*

उन्हाळ्यात मोहफूल पडायला लागलं की घरात कोणी राहत नाही. पहाटेच झाडाखाली. प्रत्येक घराचं झाड ठरलेलं. पोरं शाळेत कशी येणार? आणि नेमका त्याच वेळी साहेबांचा तपासणीचा दौरा, पट मोजायला. पट भरला नाही तर शाळा बंद, हा धाक कायमचा.

साहेब आले. शाळा तेव्हा गोटुलात, म्हणजे गावातल्या तरण्या पोरापोरींच्या मांडवात भरायची. मांडव रिकामा.

"पोरं कुठं आहेत?"

"या ना साहेब," म्हणत गुरुजी त्यांना जंगलात घेऊन गेले. झाडाझाडाखाली एकेक पोर, टोपली आणि पाटी. गुरुजी मधल्या टेकाडावर उभे राहून हजेरी घेऊन राह्यले, आणि जंगलातून चहूकडून आवाज, "हजर! हजर!" मग तिथूनच पाढे. एक झाड म्हणे बे एके बे, दुसरं झाड म्हणे बे दुणे चार!

साहेब भले माणूस. फार खूश झाले. रिपोर्टात पट पूर्ण असल्याचं लिहिलं. इमारतीच्या रकान्यात मात्र काय लिहावं ते सुचेना. शेवटी जे सगळीकडे लिहितात तेच लिहिलं, "इमारत प्रशस्त व हवेशीर."

झालं! पुढं इमारतीच्या निधीसाठी गुरुजी जेवढ्या वेळा गेले तेवढ्या वेळा उत्तर एकच, "इमारत तर तुमची उत्तम आहे!"

*

निधीतून काहीच आलं नाही असं मी म्हणणार नाही. एक लोखंडी कपाट आलं. ट्रकवाल्यानं माझ्या दुकानासमोर उतरवून दिलं आणि गेला. पेरमटोल्याच्या बाप्यांनी बांबूला बांधून नाल्यातून, चढावरून, लग्नातल्या नवरदेवासारखं मिरवत नेलं. गोटुलाच्या दारातून ते आत जाईना. ठेवलं चिंचेखाली. बरं, कुलूप लागून आलेलं, आणि किल्ली? किल्ली हापिसातच राहिली.

गुरुजींनी हार मानली नाही. कपाटाच्या दारांवर खडूनं लिहायला लागले. जिल्ह्यातला सगळ्यात महाग फळा!

जुरू बराच वेळ कपाटाकडे बघत होता. म्हणाला, "गुरुजी, सरकारनं आधी कुलूप पाठवलं. आता एखाद्या साली घर पाठवन!"

*

मग जिल्ह्याचे दोन तुकडे झाले, गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. आम्हाला वाटलं, आता आपलं हापीस जवळ आलं, कामं होतील. जुन्या हापिसात गुरुजी गेले तर म्हणत, "कागद नव्या जिल्ह्यात गेले." नव्या जिल्ह्यात गेले तर म्हणत, "जुन्याकडून आले नाहीत." मी गुरुजींना म्हटलं, "कागद वाटेत असतील." ते म्हणाले, "वाट पावसात बंद असते शेठ, मी पाहतो ना!"

पण खरा किस्सा दुसऱ्या मास्तरचा. पहिली ते चौथी एकटे गुरुजी, म्हणून त्यांनी मीटिंगमध्ये उभं राहून विचारलं, "साहेब, दुसरा शिक्षक कधी मिळन?"

साहेबांनी फाइल बघितली. "पेरमटोला? अहो, तुमच्याकडे दोन शिक्षक आहेत! दुसऱ्याचा पगार दर महिन्याला निघतोय."

गुरुजी चक्रावले. "मी तर पाह्यलाच नाई."

तेवढ्यात एक माणूस ट्रे घेऊन आला. साहेबांना चहा दिला, गुरुजींनाही दिला. साहेब जरा ओशाळले. "हे काय, हेच ते. डेप्युटेशनवर इथं ठेवून घेतलं आहे. हापिसातही माणसं कमी आहेत ना!"

गुरुजी उठून उभे राहिले, कप डाव्या हातात घेतला आणि उजवा हात छातीशी नेला. "जय भीम सर! मी तुमच्याच शाळेचा मास्तर. चहा फस्क्लास झाला."

मला हे सांगताना स्वतः खूप हसले. मग चहापत्तीची पुडी घेतली आणि नाल्याकडे चालू लागले.

*

यानंतरच्या गोष्टीत हसायचं काही नाही. पण ती सोडून पुढचं सांगता येत नाही.

पावसाळ्यात नाला भरला, बस बंद झाली. पलीकडे गुरुजींना ताप चढला, हिवतापच तो, आमच्याकडचा. पेरमटोल्याच्या माणसांनी त्यांना बाजेवर घालून नाल्यापर्यंत आणलं. हाळी ऐकून इकडे आम्ही बैलगाडी घेऊन उभे. मधे पाणी, झाडं वाहून नेणारं.

जुरू पलीकडून ओरडला, "शेठ! गोळी दे!"

हिवतापाच्या सरकारी गोळ्या माझ्या दुकानातच ठेवलेल्या असत. द्यायच्या कशा? मग जुरूनंच बाणाला दोरी बांधली आणि बाण सोडला. बाण माझ्या पायाशी येऊन रुतला. मी गोळ्या मेणकापडात गुंडाळून दोरीला बांधल्या, त्यांनी ओढून घेतल्या. सरकारची वस्तू पेरमटोल्याला कधी इतक्या लवकर पोचली नव्हती.

पलीकडे गुरुजींनी मान उचलून माझ्याकडे बघितलं, हातही हलवला. म्हणजे मला तसं वाटलं. पाणी उतरलं तोवर ते राहिले नव्हते. दिवाळीच्या सुमारास त्यांच्या घरच्या बाई आल्या, गावात जाऊन आल्या, पत्र्याची पेटी घेतली, आणि बस येईपर्यंत माझ्या बाकड्यावर बसल्या. मी चहा केला. त्यांनी घेतला नाही.

*

पुढं पुन्हा तेच. मास्तर यायचे, नाला बघायचे, कंडक्टर खिडकीची सीट ठेवायचा. पेरमटोल्यातली थोडी पोरं दूरच्या आश्रमशाळेत गेली, त्यातली काही तिथून पळून आली. कपाट गंजलं.

एका बाजाराच्या दिवशी जुरू दुकानात आला. मीठ घेतलं, तंबाखू घेतला, आणि म्हणाला, "चहापत्तीची पुडी दे."

मी म्हटलं, "अरे, तू कधीपासून चहा प्याले लागला?"

"मी नाई पीत."

"मग कोणाले?"

त्यानं पुडी कनवटीला लावली आणि चालता झाला. पुढच्या बाजारालाही आला. त्याच्याही पुढच्या. मी विचारणं सोडून दिलं. दुकानदारानं गिऱ्हाइकाला फार विचारू नये.

*

मग थंडीत एक नवे साहेब जीपनं आले. शाळा बंद करायची की ठेवायची, त्याचा निकाल त्यांच्या हातात. गावात मराठी कमी, म्हणून दुभाष्या म्हणून मला बरोबर घेतलं. जीप नाल्याशी सोडली आणि पायी निघालो.

गोटुलात गाव जमलं. साहेब सरळ माणूस, मोजकं बोलणारे. म्हणाले, "हे बघा पाटील, माझ्या कागदावर एकच प्रश्न आहे. जिथं शिक्षक नाही ती शाळा मला ठेवता येत नाही. शिक्षक आहे का?"

मी ते माडियात सांगितलं आणि मान खाली घातली. जुरू म्हणाला, "आहे."

मी चमकून त्याच्याकडे बघितलं. माझ्याकडे न बघताच तो उठला.

"कुठं आहे? बोलवा त्यांना."

"येत नाई तो. तुम्ही चला."

जुरू पुढं, मागं साहेब, मागं मी. गावाच्या वाटेवर ती दगडांची ओळ. त्याच्या आज्याचा, बापाचा, आणखी कुणाकुणाचा. ओळीच्या टोकाला एक नवा दगड, अजून शेवाळ न धरलेला. त्याच्या बुडाशी माझ्या दुकानातल्या कागदाच्या पुड्या, काही पावसानं विरघळलेल्या, एक कालच्या बाजाराची. समोर पोरं पाट्या घेऊन ओळीनं बसलेली. एक मोठी पोरगी सांगत होती, बाकीची मागून म्हणत होती, बे एके बे, बे दुणे चार.

साहेबांनी पोरांकडे बघितलं, मग दगडाकडे, मग माझ्याकडे. "अहो, हा तर दगड आहे!"

मी भाषांतर करायला तोंड उघडलं, पण जुरूला ते कळलं होतं. मराठीतच म्हणाला,

"हो साहेब. पण याची बदली होत नाई."