हाईट आणि लेंथ

"उभ्याची हाईट, आडव्याची लेंथ," असं शहादेव टेलर येईल त्याला ऐकवायचे. चौसाळ्यात हमरस्त्याला लागून त्यांचं दुकान, अन् भिंतीला भिंत लावून छबुबाईची चहाची टपरी. त्यामुळं हे बोल सगळ्यात जास्त तिच्याच कानावर पडलेले.

दोन्ही शब्द त्यांनी तरुणपणी बीडला उस्तादाच्या हाताखाली उचलले होते. लोकांना दोन्ही एकच वाटत. मापच ना शेवटी. शहादेव समजावत बसत. लेंथ कापडाची. कापड टेबलावर पसरा, घडी घाला, पिशवीत भरून कुठंही धाडा, ती तेवढीच राहते. हाईट माणसाची. त्याला माणूस पाय टेकवून समोर उभा लागतो. ती वाढते, वाकतेसुद्धा. म्हणून मापाला जुना सदरा आणला की ते हात लावत नसत. गावातला परमेश्वर एकदा पोराचा सदरा घेऊन आला, तर शहादेव म्हणाले, "ही लेंथ हाय. माणूस कुठंय?"

"ऊस तोडाया गेलाय, मामा. कोयता टाकून मापाला ये म्हणू काय त्याला?"

"यील तवा शिवू."

अशी गिऱ्हाइकं तुटत गेली. बायको वारल्यावर तर दुकानात मशीनचाच काय तो आवाज उरला.

मुलगा सुग्रीव संभाजीनगरला कंपनीत. दिवाळीचा त्याचा सदरा बापानंच शिवायचा, समोर उभं करून. गेल्या दिवाळीला तो आलाच नाही. औंदा म्हणाला, फोनवर माप धाडतो. शहादेवांनी ऐकलं नाही. मग तो म्हणाला, सासरच्यांना घेऊन तुळजापूरला निघालोय, जाता जाता थांबतो.

त्या सकाळी शहादेवांनी दुकानापुढं सडा मारला, टेप गळ्यात अडकवला अन् रस्त्याकडं तोंड करून उभे राहिले. छबुबाईनं दिलेल्या चहावर साय धरली.

दुपारी फोन वाजला. फोनचा आवाज मोठा, छबुबाईला सुग्रीवचं बोलणंही ऐकू येत होतं. गाडी चौसाळा ओलांडून गेली होती, पुढचा येरमाळाही मागं पडला होता. गाडीत सगळ्यांचा डोळा लागला होता म्हणून थांबवली नव्हती. माघारी यायला उशीर होणार, सकाळी ड्युटी. तिला वाटलं, आता हे चिडतील. शहादेव नुसते हां हां करत राहिले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "बरं. लेंथ सांग."

छबुबाईच्या हातातली गाळणी तशीच राहिली. हा माणूस कुणापुढं नमला नव्हता.

त्यांनी खडूनं कापडावर आकडा लिहिला. कात्री मात्र उचलली नाही. कापड घडी करून काखेत धरलं अन् शटर ओढलं.

"आज लवकर, भाऊ?" छबुबाईनं विचारलं.

"कापाया उजेड पुरंना."

बाहेर ऊन लख्ख पडलं होतं. ते रस्त्याच्या कडेकडेनं घराकडं निघाले. ट्रक जवळून गेला की जरा थांबायचे, पुन्हा चालायचे. टपरीवर गिऱ्हाईक चहा मागत होतं. छबुबाई त्यांच्याकडंच बघत होती, वळणाआड होईस्तोवर.