मामीचं विमान

आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. पाळणे, जिलेबी, बांगड्यांची दुकानं, रात्री दंडारीची सोंगं-गाणी नाहीतर नाटक. त्या गर्दीत एका ताडपत्रीखाली माझा मामा विमानाचा व्हिडिओ गेम लावायचा. उंच लाकडी कपाट, आत टीव्ही, समोर एक दांडी आणि दोन बटणं. पोरं नुसती तुटून पडायची. मामी त्या ताडपत्रीखाली कधी गेली नाही. पण मशीन टेम्पोत चढवण्याआधी ती नीट चालते की नाही हे बघायचं काम तिचं होतं. ती घरात बसून खेळायची, आणि तिच्या निम्मंही मामाला कधी जमलं नाही.

गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात त्यांचं गाव गेलं. नव्या वसाहतीत सामान हलवताना टीव्हीची काच फुटली, पुढं कपाटाला वाळवी लागली. उरला तो खेळ साठवलेला आतला बोर्ड. मामीनं तो जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवला होता. मागच्या दिवाळीआधी तो घेऊन ती पवनीला माझ्या दुकानात आली. टीव्ही आणि मॉनिटर दुरुस्तीचं आमचं दुकान. बाहेरची कामं नवरा बघतो, टेबलावरची मी.

"हे चालू करून दे," मामी म्हणाली. "कोंढ्याच्या मंडईले लावू."

"आता कोन खेळन हे?" मागून मामा आला. "पोराईच्या हातात मोबाइल हाय."

"मी खेळन," मामी म्हणाली.

मी बोर्ड हातात घेतला. धूळ होती, गंज नव्हता. "होते, मामी," मी म्हटलं. मला खात्रीच होती.

वीज द्यायला जुन्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय लावला, खेळायला नवी दांडी आणि बटणं जोडली. बोर्डाच्या कडेच्या पितळी पट्ट्यांमधून लाल, हिरवा, निळा आणि चित्र जागेवर धरणारा सिंक, अशा तारा काढल्या. त्या थेट नव्या मॉनिटरला जोडून उपयोग नव्हता. जुना बोर्ड चित्राच्या ओळी सावकाश पाठवतो, नव्या मॉनिटरला त्या साधारण दुप्पट वेगानं लागतात. नाहीतर तो काळाच राहतो. म्हणून मधे बसवायला छोटा कन्व्हर्टर नागपूरहून मागवला. पहिल्यांदा चित्र तिरपं धावलं. सिंकच्या तारेला पुन्हा डाग दिला, ते सरळ झालं. रंग भडक, पांढरट दिसत होते. बोर्डाचा सिग्नल नव्या पडद्याला जास्तच जोरकस होता. प्रत्येक रंगाच्या तारेत जोर कमी करणारा एकेक बारीक रेझिस्टर बसवला. आभाळ निळं झालं आणि खालून ते छोटं विमान वर आलं.

मामी म्हणाली, "अगं बाई, तसंच हाय!"

चित्र मोठं दिसावं म्हणून मी बोर्ड कडेवर उभ्या केलेल्या एका मोठ्या एलईडी टीव्हीला जोडला होता. मामी खेळायला बसली आणि तीनदा लगेच मेली. कपाळाला आठ्या घालून ती म्हणाली, "बटन दाबतो, पन गोळी मागून सुटते."

"वय झालं तुह्यं," मामा हसला. "हात चालत नाई आता."

"मामा, थांबा," मी म्हटलं. "हात बरोबर हायेत तिचे. टीव्हीच उशीर करून राहिला."

नवे टीव्ही चित्र गुळगुळीत करत बसतात, त्यात क्षणभर जातो. बघणाऱ्याला कळत नाही, खेळणाऱ्याला कळतं. मी टीव्ही काढला, दुकानातला साधा कॉम्प्युटर मॉनिटर तसाच कडेवर उभा बसवला, कारण या खेळाचं चित्रच उभं होतं. मामी पुन्हा बसली. यावेळी ती बराच वेळ उठली नाही. मामानं चहा मागवला, तो तिच्या हाताशी निवला.

कोंढ्याच्या मंडईत आम्ही प्लायवूडचं नवं खोकं नेलं. दुपारी ताडपत्री बांधून झाली, मॉनिटर उजळला, चार-दोन लोक जमले. मामानं हळूच विचारलं, "सगळ्याईच्या समोर बसतं काय?"

"काहून? नोको बसू?"

स्टूल पदरानं पुसून मामी बसली आणि तिनं दांडी धरली. पहिला टप्पा गेला, दुसरा गेला. गर्दी वाढली. बांगड्या भरून परतणाऱ्या बाया थांबल्या. मामा आता लोकांना मागं सरकवत होता, "हवा येऊ द्या, हवा येऊ द्या तिले," म्हणत होता आणि स्वतःच सगळ्यात पुढं वाकून पाहत होता.

मी कन्व्हर्टरला हात लावून पाहिला. कोमट होता, तेवढा चालतो.

बायांतली एक वाकून म्हणाली, "मामी, हे लाल बटन कायचं?"

मामीनं पडद्यावरची नजर हलवली नाही. "बस जरा. माहा डाव संपला की तुले शिकवतो."

ती बाई बसली. डाव काही लवकर संपला नाही.