पट्ट्यावरची पावडर

हे मी कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, अप्पांजवळ नाही, आणि ज्याच्याजवळ बोलायला पाहिजे होतं त्या विलासजवळ तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जीभ उचलतेय.

आधी अप्पांचं सांगतो. हे टाळणंच आहे, मला कळतंय. पण त्यांच्याशिवाय पुढचं समजायचं नाही. सातवीतून शाळा सोडून मी लातूरकडून मुंबईत आलो, तेव्हा साकीनाक्याच्या गाळ्यात अप्पांनी मला हाताखाली काम दिलं, झोपायला जागा दिली, स्वतःच्या डब्यातलं अर्धं जेवण दिलं. मूळचे कोकणातले, गिरणीत फिटर. संपात गिरणी गेली आणि ते सायकलपटूंसाठी स्टँड बनवायला लागले. सायकल त्यावर चढवायची, जागच्या जागी पेडल मारायचं. मागे एक जड चाक, त्याला कातडी पट्टा. पट्टा आवळला की पेडल जड. आवळायच्या स्क्रूवर लाल खूण होती. तिच्यावर आणला की सगळ्यांना ओझं सारखं. रस्त्यापेक्षा या स्टँडवर दम जास्त वाढतो, असं अप्पा म्हणायचे. म्हणायचे काय, त्यांची श्रद्धाच होती.

पण दुकानदार विचारायचे, पुरावा काय? म्हणून अप्पांनी घाटकोपरच्या एका कॉलेजातले सर गाठले. सर म्हणाले, चाचणी घेतो, पण निघेल तेच लिहून देईन.

"ताच लिवा सर," अप्पा म्हणाले. "खोटा माका नको."

हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. लक्षात ठेवा.

भांडुपची सायकल चालवणारी पोरं घेतली. प्रत्येकाला स्टँडवर बसवून कोण किती टिकतो ते मोजलं. मग चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एकाने पावसाळाभर स्टँडवर सराव करायचा, दुसऱ्याने रस्त्यावर. शेवटी पुन्हा स्टँडवरच मोजायचं. विलास रस्त्याच्या गटात आला. त्यांच्यातला सगळ्यात दमदार पोरगा — आणि माझा मुंबईतला पहिला दोस्त. त्याची आई मला रविवारी हक्काने जेवायला बोलवायची. दिवाळीनंतर त्याची निवड चाचणी होती. जमलं असतं तर खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरी. घरात दुसरं कुणी कमावतं नव्हतं.

मला सगळं माहीत होतं. तरीही —

स्टँड हरला तर गाळा बंद होईल, गाळा बंद झाला तर मला गावी जावं लागेल, एवढंच डोक्यात फिरत होतं. अप्पांच्या उपकारांसाठी केलं, असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. अप्पांनी मागितलं होतं का?

शेवटच्या मोजणीला सकाळी स्टँडवाली पोरं बसणार होती. त्याआधी मी पट्ट्याला आतून कॅरमची पावडर चोळली. डबी गाळ्यात फळीवरच असायची. पट्टा घसरायला लागला. खूण तीच, पेडल हलकं. जेवणानंतर रस्त्यावाल्यांची पाळी आली, तेव्हा पट्टा फडक्याने घासून कोरडा केला. सरांनी विचारलं, पट्टा तसाच आहे ना रे? मी म्हणालो, "खूण बघा ना सर." त्यांनी बघितली. मी खोटं बोललो नव्हतो — किती हुशारी, नाही?

विलास उतरला तेव्हा त्याच्या मांड्या थरथरत होत्या. "वाट लावलीस रे तुझ्या मशीनने," म्हणाला, हसत. पण स्टँडवाली पोरं त्याच्या कितीतरी पुढे गेलेली बघून हसू गेलं. दुसऱ्याच दिवशी आला. "रस्ता बिस्ता झूट आहे यार. मला पण चढव मशीनवर."

मी चढवला. दिवाळीपर्यंत रोज मी त्याचा पट्टा माझ्या हाताने आवळत होतो. त्याचं तोंड एवढं जवळ असायचं. एक वाक्य पुरलं असतं. घोडबंदरच्या रस्त्यावर सरावाला जायचं सोडून तो भिंतीकडे तोंड करून घाम गाळत राहिला, आणि निवड चाचणी तर रस्त्यावरच होती. वारा, वळणं, शेजारी घासून जाणारी पोरं. चढावर मागे पडला तो पडलाच.

गाळ्यात येऊन बसला. "मशीन खोटं बोलत नाही ना. माझ्यातच दम नाही."

मी म्हणालो, "चहा सांगू?"

स्टँड खरंच चांगला होता का? असेलही. आता कुणालाच कळणार नाही, कारण खरं उत्तर त्या दिवशी मीच पुसून टाकलं. खोक्यांवर छापलं गेलं, 'शास्त्रीय चाचणीत सिद्ध'. सर प्रामाणिक, अप्पा प्रामाणिक. माल खपला. माझी नोकरी राहिली, त्यावर माझं लग्न झालं.

विलास मुलुंडला एका गोदामात लागला, अजून तिथेच आहे. मध्ये त्याच्याकडे गेलो होतो. त्याचा पोरगा शर्यतीच्या सायकलसाठी हट्ट धरून बसलेला. विलास त्याला म्हणाला, "आपल्या रक्तात तो दम नाही रे बाळा. तुझ्या बापाची शास्त्रीय चाचणी झालीय. विचार काकाला, तो होता तिथे."

पोरगा माझ्याकडे बघायला लागला.

मी मान डोलावली.