हुंगलेली फुलं

आमच्या घरात वास घेतलेलं फूल देवाला चालत नसे. तुमच्या घरातही चालत नसेल. त्यावर कुणी फारसा विचार करत नाही. मी केला, कारण फुलं मी वाढवली होती आणि त्यातलं एकही मला हुंगायला मिळत नव्हतं.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. नागपूरच्या दक्षिणेला तेव्हा शेतं मोडून नवे ले-आउट पडत होते. त्यातल्या एका प्लॉटवर आम्ही दोन खोल्या आणि स्वयंपाकघर बांधलं. नवरा कोराडीला वीज केंद्रात, पाळीच्या ड्युटीवर. मी सकाळच्या शाळेत शिकवायची. सासरे मौद्याकडची शेती धाकट्या दिराच्या हवाली करून आमच्याकडे राहायला आले होते. त्यांना मी मामाजी म्हणायची. आमच्याकडे सासऱ्याला तसंच म्हणतात.

स्वयंपाकघराची खिडकी मागच्या बाजूला उघडायची. पलीकडे म्हशींचा गोठा. खिडकी उघडली की पोळ्यांना शेणाचा वास, बंद केली की स्टोव्हच्या धुराने डोळे चुरचुरत. म्हणून त्या खिडकीखाली मी गुलाबाची वेल लावली. हौस म्हणून नाही, इलाज म्हणून. रोपं विकणाऱ्या माळ्याला मी सांगितलं, दिसायला कसाही असू दे, वास पाहिजे आणि खिडकीच्या वर चढला पाहिजे. त्याने फिक्या गुलाबी, झुपक्यांनी फुलणाऱ्या वेलीचं कलम दिलं आणि बजावलं, "बाई, तीन वर्षं याले कात्री लावू नका. याचं फूल जुन्या फांदीवर येते. झुडपाच्या गुलाबासारखं छाटसान तर नुसती पानं पाहत बसा लागन."

काळ्या मातीत गुलाब सुखासुखी जगत नाही. पावसाळ्यात ती चिकट होते, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. दोन हात खोल खड्डा मी स्वतः खणला, त्यात वाळू मिसळली, त्याच गोठ्यातलं शेणखत घातलं, निंबोळी पेंड घातली आणि तळाशी हाडांचा चुरा. चुरा कशाचा ते मामाजींना सांगितलं नाही. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ होती. मे महिन्यात ओलं पोतं पाठीमागे टांगून सावली केली. तांदूळ धुतलेलं पाणी, भाजी धुतलेलं पाणी, सगळं त्या आळ्यात. फांद्या सरळ वर जाऊ दिल्या तर टोकालाच फुलतात, म्हणून खिडकीपासून मागच्या दारापर्यंत तार ओढून त्या आडव्या बांधल्या. हात ओरबाडून निघत. शाळेत फळ्यावर लिहिताना पोरी विचारायच्या, "बाई, मांजर पाळली का?"

या सगळ्या काळात मामाजींनी त्या वेलीला एक तांब्या पाणी घातलं नाही. ओसरीत बसून म्हणायचे, "काट्याले कायले पाणी पाजतं वं? त्यापरीस दोडका लाव, भाजी तरी होईन."

तिसऱ्या हिवाळ्यात वेल फुलली, आणि त्याच दिवसापासून ती देवाची झाली.

गुलाबाला वास येतो तो फूल उमललं की, सूर्य जरा वर आला की. मामाजी पाचला उठायचे. अंघोळ करून, परडी घेऊन, अर्धवट मिटलेल्या सगळ्या कळ्या खुडायचे. थोड्या घरच्या देवाला, बाकीच्या चौकातल्या दत्ताच्या देवळात. मी साडेपाचला कणीक मळायला उभी राहायची तेव्हा खिडकीबाहेर फक्त देठं असायची. आणि म्हशी.

देवळात त्यांचं नाव झालं. लोक त्यांना गुलाबवाले बाबा म्हणू लागले. एका गुरुवारी आरतीनंतर एक बाई मला म्हणाल्या, "केवढी सेवा करतात तुमचे सासरे! या वयात गुलाब वाढवायचा म्हणजे काय सोपं आहे?" मी प्रसादाचा पेढा तोंडात टाकला, नाहीतर काहीतरी बोलून गेले असते.

घरी येऊन मामाजींना म्हटलं, "खिडकीजवळची दोन फुलं रोज राहू देत जा. बाकी सगळी घ्या."

"कायले?"

"वासाले. मी स्वयंपाक करताना."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी नैवेद्याच्या ताटात हात घातला होता. "देवापरीस मोठी झाली काय वं तू? देवाचं फूल माणसानं हुंगाचं नसते."

"अजून देवाचं झालं कुठे? झाडावरच आहे."

"झाडावरचंही देवाचंच."

नवऱ्याला सांगितलं. तो रात्रपाळी करून आलेला, डोळ्यांत राख, कानात मशीनची घरघर. म्हणाला, "दोन फुलांसाठी कशाला घरात कटकट? जाऊ दे ना." जाऊ दे म्हणणाऱ्याचं काय जातं? खड्डा त्याने खणला नव्हता, पोळ्या तो लाटत नव्हता.

एक वर्ष मी जाऊ दिलं. त्याचा मला अजून राग येतो, मामाजींचा येतो त्याहून जास्त.

पुढच्या माघात वेलीला असा बहर आला की तार दिसेना. देवळात कसलासा उत्सव होता. मी दुपारी शाळेतून आले तर मागच्या दाराकडच्या तीन मोठ्या फांद्या नव्हत्या. बुडाशी पांढरे, तिरपे काप. त्या फुलांपर्यंत मामाजींचा हात पुरत नव्हता, म्हणून त्यांनी विळ्याने फांद्याच तोडून देवळाच्या दाराला कमान म्हणून बांधल्या होत्या. तीन वर्षांच्या फांद्या. जन्मभर शेती केलेला माणूस. आपल्या तुरीला त्याने असा विळा कधी लावला असता का?

मी विचारलं, "मामाजी, हे काय केलं?"

"फुटन पुन्हा. गुलाबच तो."

बोलून काय उपयोग झाला होता? कापावर शेणमातीचा लेप लावला, हात धुतले, वह्या तपासायला बसले. एका पोरीने नागपूरचा न उलटा काढला होता. त्यावर मी एवढी मोठी लाल रेघ ओढली की पान फाटलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी साडेचारला उठले. स्वयंपाकघरातलं स्टूल मागे नेऊन वेलीखाली ठेवलं आणि खिडकीच्या टोकापासून सुरुवात केली. एकेक कळी नाकाशी धरायची, नीट वास घ्यायचा, सोडायची, पुढची. कळ्यांना वास जेमतेम होता, थंड, ओल्या कागदासारखा. पण प्रश्न वासाचा नव्हता. एकही सोडली नाही.

मामाजी परडी घेऊन आले तेव्हा मी स्टुलावर उभी होते. ते दारातच थबकले.

"काय करून राहिली वं?"

"वास घेऊन राहिली, मामाजी."

"सगळ्याइचा?"

"सगळ्याइचा. तो वरचा झुपका राहिला, तेवढा घेते आता."

"अवं, उतर खाली! देवाले काय वाहू मी?"

"जे तुम्ही लावलं ते वाहा."

भिंतीपलीकडे शेजारीण भांडी घासत होती. तिने राखेचा हात तोंडावर धरला, पण हसू बाहेर आलंच. "अवं मास्तरीणबाई, आता देवानं काय कराव बिचाऱ्यानं? त्याले आमच्या कण्हेरीचे फुलं देऊ का?"

मामाजींनी परडी खाली ठेवली. त्यांचा चेहरा रागाने काळा पडला होता, पण करणार काय? फुलं समोर होती, शेकड्याने, आणि सगळी उष्टी. मला त्या क्षणी सांगावंसं वाटलं की ज्या फुलांनी तुम्ही वर्षभर देव पुजला ती हाडांच्या चुऱ्यावर वाढली आहेत. जिभेच्या टोकाशी आलं होतं. नाही सांगितलं. त्यांच्यावर दया म्हणून नाही. सांगितलं असतं तर त्यांनी वेल मुळासकट उपटली असती.

त्या दिवशी देवांना कण्हेर वाहिली गेली. साडेआठ वाजता, ऊन खिडकीशी आलं तेव्हा, कळ्या उमलल्या. मी पोह्यांना फोडणी देत होते. मोहरी, कढीपत्ता आणि त्यावर तो गुलाब. म्हशी होत्या तिथेच होत्या, पण पहिल्यांदा त्यांचा वास आला नाही. नवरा ताटावर बसला आणि म्हणाला, "आज पोह्यात काय घातलं?" मी म्हटलं, "काही नाही. जाऊ दे ना."

मामाजी आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी पहाटे परडी घेऊन खिडकीबाहेर उभे राहिले आणि भिंतीकडे पाहत विचारलं, "कोणते हुंगले?"

मी कणीक मळत होते. नुकतीच उठले होते, बाहेर गेलेच नव्हते. म्हटलं, "खिडकीकडचे. दाराकडचे नाही."

त्यांनी दाराकडच्या उरलेल्या फांद्यांवरची खुडली आणि निघून गेले.

पुढे ते होते तोवर हेच चाललं. ते रोज विचारायचे, मी रोज हेच सांगायची. पहाटे उठून हुंगत बसायला मला वेळ नव्हता, आणि त्यांनाही ते कळलं असेल. पण माझं फूल माझं राहावं म्हणून ते मला रोज विटाळावं लागत होतं, निदान तोंडाने तरी. ही गोष्ट मी कुणाला सांगितली की लोक हसतात. मला अजून हसू येत नाही.

मामाजी गेले त्यानंतर महिनाभराने देवळातले एक गृहस्थ मोठी परडी घेऊन फाटकाशी आले. म्हणाले, "बाबांच्या गुलाबाची फुलं न्यायला आलो. बाबांची सेवा खंडित व्हायला नको."

"बाबांचा गुलाब नाही," मी म्हटलं. "माझा आहे. मी लावला, मी वाढवला."

ते जरा गडबडले. "हो हो, तेच ते. पण फुलं..."

"फुलं हुंगलेली आहेत."

त्यांनी मान उंचावून पाहिलं. तोडलेल्या फांद्या केव्हाच पुन्हा फुटल्या होत्या, वेल मागून कौलांवर चढून पुढे डोकावत होती.

"सगळी?"

"सगळी," मी म्हटलं, आणि फाटक लावून घेतलं.