दाबाखाली ठेवलेले शब्द

पुस्तकबांधणीचे दुकान आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर आहे आणि माझे घर त्याच्या बरोबर वर. त्यामुळे पुढील हकिकतीतील काही भाग मी स्वतः पाहिला, काही जिन्यातून ऐकला आणि उरलेला थोरल्या बाइंडरांनी मला सांगितला. जे मला ठाऊक नाही ते मी लिहिलेले नाही.

दुकान दोन भावांचे. थोरल्यांनी पन्नाशी ओलांडलेली. धाकटा त्यांच्याहून नऊ वर्षांनी लहान. वडील वारले तेव्हा धाकटा अकरा वर्षांचा होता, आणि तेव्हापासून त्याला थोरल्यांनीच वाढवले. थोरले पाने जुळवीत, पुठ्ठा चढवीत, कडा कापीत. त्यांच्या पत्नी आतल्या खोलीत खिडकीपाशी बसून शिलाई करीत. गिऱ्हाइके आणि पोचवापोचव धाकट्याकडे. ही वाटणी कोणी विचारपूर्वक केली नव्हती. थोरल्यांच्या जिभेने ती करायला लावली होती.

थोरले रागीट नव्हते, हे मी आधीच सांगून ठेवतो. त्यांनी कधी आवाज चढवला नाही. ते काटेकोर होते, आणि दुसऱ्याचा गबाळेपणा दिसला की त्यांच्या तोंडून एक वाक्य निघे. एकच, पण धार लावलेले. एका प्राध्यापकांनी प्रबंध आणला, त्यात पानांचा क्रम चुकलेला. थोरल्यांनी विचारले, "सर, लिहिताना जागे होतात ना?" प्राध्यापक पुन्हा आले नाहीत. गल्लीत थोरल्यांना 'कात्री' म्हणत आणि धाकट्याला 'मलमपट्टी'.

एके दिवशी मलमपट्टीचाही धीर सुटला. मी नव्या जिल्दीसाठी कापड निवडीत उभा होतो, तेव्हाच तो म्हणाला, "दादा, मोठ्या छापखान्यात बांधणीच्या यंत्रावर जागा आहे. मला विचारलंय त्यांनी."

"मग जा की. पाय बांधलेत का मी तुझे?"

"बघा साहेब, बघा! मी अजून जातो म्हटलंय का?" धाकट्याने माझ्याकडे पाहिले आणि मग भावाकडे. "एक महिना देतो तुला. गिऱ्हाइकाला, वहिनीला, मला, कुणालाही टोचून बोलायचं नाही. जमलं तर त्यांना नाही कळवतो. नाही जमलं तर एक तारखेला मी तिकडे."

"आणि गिऱ्हाइकानंच गाढवपणा केला तर?"

"तर गाढवाशी माणसासारखं बोल."

धाकटा गेला तर दुकान चालणार नाही, हे थोरल्यांना कळत होते. परंतु मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसले ते दुकानाचे भय नव्हते. बत्तीस वर्षे समोरच्या स्टुलावर जो बसत आला, त्याच्या रिकाम्या स्टुलाचे ते भय होते.

थोरल्यांनी उपाय आपल्या धंद्यातूनच काढला. खळ लावलेले पुस्तक रात्रभर शिकंज्यात, म्हणजे चाक फिरवून आवळायच्या लोखंडी यंत्रात, दाबून ठेवावे लागते. घाईने बाहेर काढले तर पुठ्ठा वाकतो. बोलण्याचेही तसेच करायचे, असे त्यांनी ठरवले. टोचणारे वाक्य जिभेवर आले की ते बोलायचे नाही. पुठ्ठ्याच्या कागदाच्या कातरणावर लिहायचे, शिकंज्यात पुस्तकांच्या चळतीखाली सरकवायचे आणि सकाळी वाचायचे. तेव्हाही बोलण्याजोगे वाटले तर बोलायचे. नाहीतर कातरणांच्या पेटीत टाकून द्यायचे.

उपाय मला पसंत पडला. त्यात शिस्त होती.

पहिल्या आठवड्यात गल्ली चकित झाली. गिऱ्हाईक काहीही बोलले तरी थोरले खाली मान घालून खरडीत आणि नंतर वर पाहून म्हणत, "बरं, करून देतो." मात्र ते 'बरं' असे काही दात आवळून म्हटलेले असे की शेजारच्या चष्मेवाल्याने मला हळूच विचारले, "यांची दाढ दुखतेय का हो?"

पंधराव्या दिवशी थोरले वर माझ्याकडे आले. हातात त्या आठवड्यातील, पेटीत टाकायच्या राहिलेल्या कातरणांचा गठ्ठा, प्रत्येकावर तारीख आणि वेळ घालून क्रमवार लावलेला.

"साहेब, हे जरा बघा. मला काही उमगेना."

मी चष्मा लावला. प्रत्येक चिठ्ठीची सुरुवात गिऱ्हाइकाने होई आणि शेवट भावाने. *या माणसाला कापड आणि कागद यांतला फरक कळत नाही; धाकट्याने हे काम घेतलेच कशाला? पाने उंदराने कुरतडलेली. धाकट्याला वास येत नाही का?*

"चूक गिऱ्हाइकाची आणि बोलणी धाकट्याला," थोरले म्हणाले. "आणि वेळ बघा. सगळ्या अकरा ते एकमधल्या. तो पोचवायला बाहेर जातो ना, तेव्हाच्या."

"याचा अर्थ काय, असं तुम्हाला वाटतं?"

त्यांनी गठ्ठ्याच्या कडा एकसारख्या केल्या. "तो बाहेर गेला की वाटतं, हा आता परत येत नाही. एवढंच आहे, साहेब. बाकी सगळं निमित्त."

चोपन्न वर्षांच्या माणसाला स्वतःविषयी एवढे कळणे ही लहान गोष्ट नव्हे. मी म्हणालो, "हे असंच्या असं त्याला जाऊन सांगा."

"सांगितलं तर डोक्यावर बसेल तो."

"तुम्हाला कारण कळलंय. तरी?"

"कळतंय हो. वळत नाही."

गठ्ठा घेऊन ते खाली गेले आणि त्यांनी तो कातरणांच्या पेटीत टाकला. येथेच घोटाळा झाला. त्या पेटीतील कातरणे टाकाऊ नसतात. पुस्तकाच्या कण्याला आतून अस्तर लागते, आणि ते अशाच जाड कातरणांचे असते. शिलाई झाली की वहिनी पेटीत हात घालीत, हाताला येईल तो तुकडा घेत आणि खळ लावून कण्यावर बसवीत. बत्तीस वर्षे हेच चालत आले होते. थोरले बोलण्याच्या शिस्तीत इतके गुंतले होते की धंद्याची शिस्त विसरले.

सव्विसाव्या दिवशी एका वकीलबाईंचा जाडजूड कोश परत आला. कणा सैल झाला होता. धाकट्याने ओल्या फडक्याने अस्तर भिजवून सोलायला घेतले, आणि कागद उलटला तशी अक्षरे दिसली. मी माझे पुस्तक न्यायला उतरलो होतो. धाकट्याने चिठ्ठी सरळ धरून मोठ्याने वाचली.

"'धाकटा गेला तर जाऊ दे. त्याचं निम्मं काम मलाच निस्तरावं लागतं. एक डोकेदुखी कमी होईल.'"

थोरल्यांच्या हातातील सुरी थांबली. "ते मी बोललो नाही," ते म्हणाले. "एका शब्दानं बोललो नाही. पंचवीस दिवस तोंड शिवून बसलोय मी!"

"बोलला असतास तर बरं झालं असतं रे. मी उलट बोललो असतो, तू गप्प बसला असतास, संपलं असतं. हे तू लिहिलंस, रात्रभर दाबून ठेवलंस आणि सकाळी पुन्हा वाचलंस."

"वाचलं, आणि टाकून दिलं!"

"कुठं टाकलंस? हे काय, वकीलबाईंच्या कोशात आहे की!"

थोरले आतल्या खोलीकडे वळले. "ते तुकडे घ्यायला कुणी सांगितलं होतं तुला?"

सुई थांबली. वहिनी सहसा बोलत नसत. "तुकड्यांच्या पेटीत तुकडेच असणार ना, अहो? मी शिलाई करायची की एकेक तुकडा वाचत बसायचं?"

धाकट्याने चिठ्ठी घडी करून खिशात घातली. महिना भरायला चार दिवस होते. ते मोजण्यात त्याला आता रस उरला नव्हता. "वहिनी, एक तारखेपासून मी नाही," तो म्हणाला आणि कोशाचा कणा पुन्हा नीट बसवूनच उठला.

ते चार दिवस थोरले दर संध्याकाळी वर येत आणि खुर्चीच्या कडेवर बसत. "'जाऊ नकोस.' दोन शब्द आहेत, साहेब. काल लिहूनसुद्धा पाहिले."

"मग दिलेत का त्याला?"

"सवयीनं शिकंज्यात ठेवले. सकाळी वाचले तर केविलवाणे वाटले. फाडून टाकले."

इतकी वर्षे कार्यालयात काढूनही इतक्या पद्धतशीरपणे वाया घालवलेले श्रम मी पाहिले नाहीत. मी तसे बोललो नाही. बोलायला हवे होते, असे आता वाटते.

एक तारखेला सकाळी साडेआठ वाजता धाकटा किल्ली द्यायला दुकानात आला. नऊला त्याला छापखान्यात हजर व्हायचे होते. थोरले तोंड उघडणार, एवढ्यात एक बाई वडिलांच्या हातची जुनी वही घेऊन आल्या. पाने मोकळी, कडा झिजलेल्या. त्यांना ती उद्या संध्याकाळी हवी होती.

"बाई, ही वही इतकी वर्षं फाटत होती, तेव्हा..." थोरले म्हणाले, आणि थांबले. कागद नाही, पेन्सिल नाही. ते नुसतेच थांबले.

"तेव्हा काय?" बाईंनी विचारले.

"काही नाही. चार दिवस लागतील. खळ वाळावी लागते."

"राहू द्या. काय म्हणायचं होतं ते तोंडावर दिसलं तुमच्या." त्यांनी वही उचलली आणि त्या गेल्या.

धाकटा हसला. "दादा, अर्ध्यात थांबलास की रे तू!"

"थांबून काय उपयोग? गेल्या ना त्या!" असे म्हणून थोरले खळीच्या हातांनीच रस्त्यावर धावले. कोपऱ्यापर्यंत गेले, औषधाच्या दुकानात डोकावले, बसथांब्यावर शोधले. बाई कोठे दिसल्या नाहीत. परतले तेव्हा टेबलावर किल्ली होती आणि स्टूल रिकामे.

"भावजी पाच मिनिटं थांबले होते," वहिनी आतून म्हणाल्या. "मग वेळ झाली त्यांची."

"त्याला थांबवायचं होतंस!"

"मी?" त्यांनी दोरा दातांनी तोडला. "ते मी सांगायचं होतं का?"

थोरले आल्या पावली पुन्हा निघाले. छापखाना तेथून वीस मिनिटांवर. फाटकावर पहारेकऱ्याने अडवले. कामाच्या वेळेत कोणाला बाहेर बोलावता येत नाही, निरोप असेल तर सांगा, म्हणाला.

"नव्या बाइंडरला सांगा. म्हणावं, दादा आलाय." ते जरा अडखळले. "म्हणावं, जाऊ नकोस."

"अहो, ते तर आत येऊन कामाला लागले! आता कुठं जायचं नाही म्हणता?"

उत्तर जिभेवर आले होते, असे थोरले सांगतात. चांगले आले होते. ते त्यांनी गिळले आणि जेवणाची सुट्टी किती वाजता होते, एवढे विचारले. साडेबारा, असे कळले. साडेबारापर्यंत ते फाटकाशेजारच्या भिंतीला टेकून उभे राहिले, बोटांवरची वाळलेली खळ सोलून काढीत.