तोंड उघडून दाखवा

आमच्या आईच्या डॉक्टरीणबाई माणसांना चेहऱ्यानं ओळखतच नाहीत, हाडांवरून ओळखतात. पुंडलिकनगरच्या भाजीबाजारात मी समोर उभा राहून नमस्कार केला तर "आपण कोण?" म्हणतील, पण रस्त्यापलीकडून पाठमोऱ्या चाललेल्या बाईला अचूक हाक मारतील, "अहो डावा गुडघा, गोळ्या संपल्या ना?" एका लग्नात आशीर्वाद देता देता त्यांनी नवरीचा कणा चाचपला, "छान आहे, सासरी नीट जपा," असं वरपक्षाला बजावलं आणि स्टेजवरून उतरल्या. बिडकीनहून आलेलं वऱ्हाड त्यांना शेवटपर्यंत मुलीची आत्या समजत होतं.

ऊन हे त्यांचं लाडकं औषध. त्यांच्या धाकानं आमच्या गल्लीतल्या बायका सकाळी गच्चीवर कुरडयांच्या शेजारी ओळीनं वाळत बसतात, आणि समोरच्या दवाखान्याच्या गच्चीवरून बाई ओरडतात, "पलटा आता, एकच बाजू किती भाजाल!" संक्रांतीला त्या वाण म्हणून नाचणी-तिळाचा लाडू देतात. आपल्या बायका असा लाडू रुमालात बांधून नातवंडांसाठी घरी नेतात, हे त्यांना पक्कं ठाऊक. म्हणून त्या दारच अडवतात. "इथंच खायचा. गिळला? तोंड उघडून दाखवा." शालू नेसलेल्या सासवा रांगेत आ करून उभ्या आणि बाई मोबाइलच्या उजेडात दाढांमागं बघतायत, हे मी स्वतः पाहिलंय. आमच्या आईच्या गालात अर्धा लाडू सापडला. माझ्या मुलीसाठी ठेवला होता.

पुढं थोड्याच दिवसांत आई घसरली, हात टेकला आणि तेवढ्यानं मनगट मोडलं. "हाडं पोकळ झालीत. पुढच्या वेळी खुबा मोडेल आणि अंथरूण धराल," बाई म्हणाल्या. गोळ्या दिल्या, पण त्यांचा खरा संशय आमच्या स्वयंपाकघरावर. आई सगळ्यांच्या शेवटी, उरलंसुरलं जेवायची. एका दुपारी बाई न सांगता आल्या आणि पानावर बसल्या. "आधी वहिनी जेवतील, मग मी."

"ह्ये जेवल्याबिगर मी कशी बसू?" आई.

"पाहुण्याच्या आधी मी घास घेणार नाय," आमचे वडील, अण्णा.

झालं! तिघंही हटेनात. भाकरी गार झाली, वरणावर साय धरली. घरातली घड्याळं अण्णांच्या भुकेवर लावावीत असा माणूस, पण तोही हात बांधून बसला. शेवटी त्यांनी आपलं ताट आईपुढं सरकवलं. "खाय बाई. तू पडलीस तर मला कोण हाय?" असलं काही अण्णांच्या तोंडून आम्ही कधीच ऐकलं नव्हतं. आई जेवली, आणि ठेचा लई तिखट झालाय म्हणत डोळे पुसत राहिली.

तेव्हापासून आई आमच्याबरोबर जेवते. परवा तिला तपासणीला नेलं तेव्हा दुपार टळली होती. खिडकीत बाईंचा खानावळीचा डबा तसाच बंद. "रोजच तसा परत जातो," तिथली नर्स म्हणाली. "घरी तरी कुणासाठी ताट मांडायचं, म्हणतात." तेव्हा माझं पहिल्यांदा लक्ष गेलं. टेबल धरून उठणाऱ्या बाईंची पाठ पार वाकली होती. गल्लीभर हाडं ओळखणाऱ्या या बाईंच्या हाडांकडे आमच्यापैकी कुणी बघितलंच नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

आईनं पिशवीतून नाचणीचा लाडू काढून त्यांच्या हातावर ठेवला.

"घरी नेते हं, वहिनी."

आई उठली आणि दार अडवून उभी राहिली. "नाय. हितंच खायचा. अन् तोंड उघडून दाखवा."

बाईंनी निमूटपणे लाडू खाल्ला आणि आ केला. आईनं मोबाइलचा उजेड पाडून दाढांमागं नीट पाहिलं.

"उद्या परत येते," ती म्हणाली.