चौघडिया सरेपर्यंत

आमची विमान कंपनी मोठ्या कंपनीनं गिळली, असं मी आजवर विचारणाऱ्याला सांगत आलो. लोक मान डोलावतात, पुढे कोणी विचारत नाही. आता पन्नाशी उलटल्यावर तेच ते सांगायचा मला वीट आला आहे.

मध्य प्रांताची राजधानी तेव्हा नागपूर. महायुद्धातून उरलेली दोन विमानं घेऊन आमच्या मालकानं नागपूर-जबलपूर सेवा काढली आणि मी इथला, जबलपूरचा बाबू झालो. तिकीट मी फाडायचं, प्रवाशाला सामानासकट काट्यावर मी उभं करायचं, उशिराची वही मी भरायची. वर्षभरात मोठी कंपनी त्याच वाटेवर आली. गाद्यांच्या खुर्च्या, टोपीवाले नोकर, भाडं आमच्याहून कमी. त्यांच्याकडे नसलेली एकच गोष्ट आमच्याकडे होती. आम्ही थांबायचो.

थांबायचो ते दीक्षितपुऱ्यातल्या एका वकीलसाहेबांसाठी. हायकोर्टाच्या कामाला ते दर आठवड्याला नागपूरला जात, सोबत दोन-चार पक्षकार असत, आणि आमच्या भरलेल्या खुर्च्या म्हणजे जवळजवळ तेवढ्याच. पण एवढा शिकलेला माणूस चौघडिया, म्हणजे दीड-दीड तासाची शुभ-अशुभ वेळ, पाहिल्याशिवाय शिडीला पाय लावायचा नाही. पंचांग कोटाच्या खिशात.

"उद्वेग चालू आहे, बाबू. अर्ध्या तासानं चल लागेल."

"मग सकाळी चांगल्या वेळेला माझ्या टेबलावर प्रस्थान ठेवून द्यायचं होतं ना वकीलसाहेब! सुपारी-तांदळाची पुरचुंडी ठेवली की निघाल्यासारखंच."

"ते रेल्वेला चालतं. आकाशात जायचं तर पायच चांगल्या वेळेला उचलावा लागतो. आणि तुम्हाला घाई कसली? आमच्याशिवाय बसणार आहे कोण?"

खरंच कोणी नसायचं. म्हणूनच तर डोकं फिरायचं.

पण चौघडियासाठी विमान थांबवा, असं वैमानिकाला कोणत्या तोंडानं सांगणार? मग मी एक युक्ती काढली. आमचा मिस्त्री अमरावतीकडचा, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा. इंजिनाचा दोष नुसत्या कानानं सांगायचा. त्याला मी म्हणायचो, "मिस्त्रीजी, उतरताना डाव्या इंजिनात खरखर वाटली हो." तशी शंका आली की तपासल्याशिवाय विमान सोडायचं नाही, हा नियमच होता. तो शिडी लावून चढायचा, झाकण उघडायचा, भर उन्हात अर्धा तास एकेक नळी चाचपायचा. तेवढ्यात चौघडिया बदलायचा. वहीत मी लिहायचो: इंजिनात दोष.

"काहून रे बाबू, तुलेच कसं ऐकू येते? मले तर काही येऊन नाही राहिलं," तो घाम पुसत म्हणायचा. "चलो, पाहून घेतलेलं बरं. माणसं बसतात याच्यात."

एकदा केलं, दोनदा केलं, मग सवयच लागली.

त्या सुमाराला विमानानं टपाल नेण्याचा ठेका निघाला. तो मिळाला तर कंपनी तरेल, नाहीतर कुलूप लागेल, असं मालकानं पत्रात स्वच्छ लिहिलं होतं. तपासणीला टपाल खात्याचे साहेब आले आणि त्यांनी नेमकी उशिराची वही मागितली.

"हर हफ्ते इंजन?"

मिस्त्री शेजारीच उभा होता. तो उसळला. "साब, इंजन में कुछ नहीं था. हर बार खोल के देखा मैंने."

"तो शिकायत किसने की?"

मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं. मी टाक दौतीत बुडवला आणि काहीतरी लिहायचं सोंग केलं. शेवटी तोच हळू आवाजात म्हणाला, "बाबू झूठ काहे को बोलेगा, साब. मुझसे ही कुछ छूटता होगा."

ठेका मोठ्या कंपनीला गेला. पुढच्या दिवाळीआधी आमच्या कचेरीला कुलूप लागलं. आणि वकीलसाहेब? ते मोठ्या कंपनीच्या विमानातून जायला लागले. ती कोणासाठी थांबत नव्हती. उद्वेगात गेले, काळात गेले, दर वेळी सुखरूप परतले. बड्या फुहाऱ्याच्या चौकात भेटले तेव्हा मी न राहवून विचारलंच. म्हणाले, "काय करणार बाबू, ते ऐकत नाहीत ना."

मला मोठ्या कंपनीनं घेतलं. त्यांना मिस्त्रीही हवा होता. नोकरीचा तो निरोप सांगायला मी त्याच्या घरी गेलो. आज सगळं सांगून टाकायचं, असं वाटेत पक्कं केलं होतं. तो अंगणात सायकलचं चाक सरळ करत बसला होता.

"नाही रे बाबू," मान वर न करता तो म्हणाला. "तुले ऐकू येत होतं, मले नाही. म्हणजे कान गेले माझे. उद्या कोणाचा जीव जाईल. तिलवाऱ्याच्या रस्त्यावर मोटारीच्या गॅरेजात लागतो. मोटार बिघडली तर रस्त्यावर उभी तरी राहते."

त्यानं चाक खाली ठेवलं आणि मान वर केली. मी काहीतरी म्हणावं, अशी वाट पाहत असावा.

मी म्हणालो, "हो, वयही झालं आता, मिस्त्रीजी."

मी आज जेवढा आहे, त्याहून तो तेव्हा लहान होता.